बकटेल जिगनं फ्लाउंडर पकडताना: आधी वजन, मग हात, रंग सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहायला आलात, मित्राच्या बोटीतून बार्नेगॅट बे या तिथल्या खाडीत काही वेळा फ्लाउंडरला गेलात, दुकानातून अर्ध्या औंसाची बकटेल जिग (शिशाचं डोकं आणि केस बांधलेलं कृत्रिम आमिष) सहा रंगांत आणली, पण गळाला लागले ते सी रॉबिन (तळाशी राहणारे नकोसे मासे) आणि मापात न बसणारी फ्लाउंडरची पिल्लं. शेजारच्या बोटीवर मात्र हातजाळी सारखी पाण्यात जात होती. तर नेमका कोणता रंग घ्यावा?

रंगाचं सांगतो, पण शेवटी. सहा रंग आणि एकच वजन, ही खरेदीच उलटी झाली. एकच रंग आणि सहा वजनं घेतली असतीत तर त्याच दिवशी, त्याच बोटीत, त्याच पाण्यात चित्र वेगळं दिसलं असतं.

आधी कोणता मासा ते पक्कं करू, कारण दुकानदार आणि बोटवाले दोन नावं वापरतात. तुम्ही म्हणताय तो समर फ्लाउंडर. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत सगळे त्याला ‘फ्लूक’ म्हणतात, डेलावेअरच्या खाली गेलात की त्याचाच ‘फ्लाउंडर’ होतो. विंटर फ्लाउंडर हा वेगळा मासा. त्याचं तोंड इवलंसं, डोळे उजव्या अंगाला, आणि तो किडे-शिंपल्यांवर जगतो. त्याच्यासाठी बकटेल नकोच. फ्लूकचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात, तोंड मोठं आणि दातांनी भरलेलं. हा शिकारी आहे. वाळूत अंग पुरून, रंग वाळूसारखा करून पडून राहायचं, फक्त डोळे वर, आणि समोरून सँड ईल, सिल्व्हरसाइड, किली, छोटा स्क्विड असं काही गेलं की झडप घालायची. सगळी नजर वर आणि पुढे. भूक लागली असेल तर तो तळ सोडून बराच वर येतो, पण रोजच्या धंद्यासाठी त्याला तळापासून दोन-तीन फुटांतलंच भक्ष्य परवडतं. तुमचा जिग त्या पट्ट्यात जितका वेळ राहील तितकी तुमची मासेमारी. बाकीचा वेळ बोटीतून फेरफटका.

बकटेल म्हणजे शिशाचं डोकं, एक गळ आणि त्यावर बांधलेले पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस. प्लॅस्टिकचे नवनवे प्रकार येतात आणि जातात, हे टिकून आहे ते केसांमुळे. जिग थांबला तरी केस थांबत नाहीत. पाण्याचा जरा ओघ आला की मिटतात, सुटला की फुलतात. म्हणजे तुम्ही काहीच करत नसतानाही तिथे काहीतरी जिवंत असल्यासारखं दिसतं. सगळे केस मात्र सारखे नसतात. शेपटीच्या बुडाकडचे केस पोकळ असतात, धाग्यानं आवळले की छत्रीसारखे उघडतात. टोकाकडचे केस सरळ आणि कमी फुलणारे. चांगला बांधणारा दोन्हींचा मेळ घालतो. स्वस्त जिगवर बुडाकडचे केस खच्चून भरलेले असतात. दुकानात ते गुबगुबीत आणि छान दिसतं, पाण्यात मात्र तोच गुबगुबीतपणा ब्रेक लावतो: जिग हळू बुडतो आणि प्रवाह त्याला उचलून धरतो.

म्हणून नवा जिग आणला की मी तो आधी विरळ करतो. कात्रीनं टोकं सपाट कापू नका. टोकं नैसर्गिकरीत्या निमुळती असतात, ती तशीच राहू द्यायची. गळाच्या खालच्या बाजूचे केस चिमटीत धरायचे, त्यातले थोडे थोडे अगदी धाग्याजवळून कापून काढायचे, जिग उजेडात धरून बघायचं. केसांतून गळाचा दांडा पुसटसा दिसायला लागला की थांबा. लांबीही बघा. केस गळाच्या वळणापलीकडे साधारण अर्धा इंच गेले तर पुरेत. त्याहून लांब असतील आणि मागे आणखी रबरी ट्रेलर, म्हणजे गळावर ओवलेलं शेपूट, लावला, तर मासा शेपटाला चावतो आणि गळ तोंडाबाहेर राहतो. ‘चावतात पण लागत नाहीत’ ही तक्रार असणाऱ्यांचे जिग मी बघतो तेव्हा बहुतेक वेळा हेच निघतं.

डोक्याच्या आकारावर लोक तासन् तास वाद घालतात. मी एकच गोष्ट बघतो: लाइन बांधायचं कडं कुठे आहे. कडं डोक्याच्या वरच्या बाजूला असेल तर जिग लाइनीला आडवा लटकतो, माशासारखा. बोटीतून सरळ खाली सोडून खेळवायला हाच हवा. स्प्रो प्राइम बकटेल या पद्धतीचं आहे, म्हणून आमच्याकडच्या बोटींवर ते सर्रास दिसतं. कडं नाकाशी असेल तर जिग फेकून ओढायला बरा, किनाऱ्यावरून किंवा जेट्टीवरून. घेवड्याच्या दाण्यासारखं चपटं डोकं, ज्याला लायमा बीन म्हणतात, ते पटकन बुडतं आणि उसळी मारताना बाजूला झुकतं. खोल पाण्यात मला ते आवडतं. गोल डोकं कुठेही चालतं. यापलीकडे फार खोलात जाऊ नका.

गळाकडे मात्र दुर्लक्ष नको. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवा. घसरलं तर गळ बोथट आहे, रुतलं तर ठीक. कानशीचा छोटा तुकडा डब्यात ठेवाच, कारण तळाशी दगड-शिंपल्यांवर आपटून टोक दिवसात कितीदा तरी जातं. आणखी एक, नव्या जिगच्या कड्यात रंग साचलेला असतो. तो घरीच जुन्या गळाच्या टोकानं कोरून काढा. हलत्या बोटीत, भरती जोरात असताना, ओल्या बोटांनी हे काम करून बघा म्हणजे मी का सांगतोय ते कळेल. शिवाय तो रंग तसाच ठेवून बांधलेली गाठ आतून कापली जाते.

आता वजन. मूळ नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो: तळ धरून राहील इतका हलकाच जिग वापरा. खरी मेख ‘तळ धरून राहणं’ म्हणजे काय यात आहे. एकदा तळाला टेकला म्हणजे तळ धरला असं नाही. असं करून बघा: जिग सोडा, टेकला की रीळ बंद करा, दोन-तीन हलके झटके द्या आणि थांबा. प्रत्येक झटक्यानंतर ‘टक्’ असं तळाला लागलेलं हाताला कळलं पाहिजे. थोड्या वेळानं ते कळेनासं झालं की थोडी लाइन सोडा, पुन्हा कळेल. दोन-तीनदा अशी लाइन सोडल्यावर ती पाण्यात कोणत्या कोनात जातेय ते बघा. अर्ध्या काटकोनापेक्षा जास्त आडवी झाली असेल तर जिग हलका आहे. आता कितीही लाइन सोडा, पाण्याच्या ओढीनं लाइनीला पोट पडतं, तुम्ही दिलेला झटका त्या पोटातच जिरतो आणि जिग तळावरून नुसता तरंगत जातो. तुमच्या अर्ध्या औंसाचं बहुधा हेच होत होतं. सी रॉबिन मिळाले म्हणजे जिग अधूनमधून तळाला पोहोचत होता, तेवढी जमेची बाजू.

आकडे हवेत म्हणून ढोबळ सांगतो. बॅक बेमध्ये, म्हणजे समुद्रकिनाऱ्यामागच्या उथळ खाडीत, पाच ते दहा फूट पाण्यात, वारा मंद असताना, पाव ते अर्धा औंस. खाडीतल्या मुख्य चॅनेलमध्ये पंधरा-वीस फुटांना पाऊण ते दीड. इनलेटच्या, म्हणजे खाडी समुद्राला मिळते त्या वाटेच्या, तोंडाशी, भरती-ओहोटी भरात असताना, दीड ते तीन. समुद्रात ६० ते ८० फुटांच्या रीफवर दोन ते चार, आणि बोट वाऱ्यानं पळत असेल तर सहासुद्धा. औंस म्हणजे २८ ग्रॅम, म्हणजे शेवटच्या आकड्याला तुम्ही पावणेदोनशे ग्रॅम शिसं दिवसभर मनगटानं नाचवत असता. खांदे भरून येतात. अतिजड जिगही वाईटच. तो वाळूत आपटतो, रुततो, पडताना केसांना फुलायला वेळच देत नाही आणि माशानं तोंडात घेतला तर लगेच परका वाटतो.

एकाच जागी वजन दिवसभर सारखं राहत नाही हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. भरती संपत आली की पाणी मंदावतं. त्या अर्ध्या-पाऊण तासात निम्मं वजन पुरतं, आणि तोच हलका जिग त्या वेळी जास्त मासे देतो. ओहोटी सुरू होऊन जोर धरला की पुन्हा चढत जायचं. म्हणून माझ्या डब्यात पांढरं बकटेल पाव औंसापासून चार औंसांपर्यंत रांगेनं आहे आणि इतर रंग मोजकेच. लीडरच्या (मुख्य लाइन आणि जिग यांच्यामधल्या तुकड्याच्या) टोकाला मी छोटा स्नॅप, म्हणजे उघड-बंद होणारी कडी, लावतो, गाठ थेट जिगला मारत नाही. थेट गाठ जिगला जास्त मोकळं ठेवते हे मान्य, पण गाठ सोडून पुन्हा बांधायच्या कंटाळ्यानं माणूस चुकीच्याच वजनावर तासभर काढतो. ते नुकसान मोठं.

लाइन जितकी बारीक तितका जिग हलका चालतो. १० ते २० पौंड ताकदीची ब्रेडेड (विणलेली) लाइन घ्या; नायलॉनची जाड मोनो असेल तर पाण्याची ओढ वाढून तुम्हाला उगाच एक पायरी जड जावं लागेल, शिवाय ती ताणली जाते म्हणून ‘टक्’ हाताला पोचत नाही. पुढे तीन-चार फूट फ्लुरोकार्बन लीडर, २० ते ३० पौंडांचा. रॉड साडेसहा-सात फुटांचा, टोकाला चपळ पण खाली कण्यात जीव असलेला, आणि वजनानं हलका. रॉड दिवसभर हातात राहणार आहे, होल्डरमध्ये नाही. बकटेल होल्डरमध्ये लावून सोडायचं असेल तर त्याऐवजी आमिष लावलेली साधी रिग (वजन आणि गळ यांची जुळणी) वापरा, ते काम ती चांगलं करते.

जिगच्या वर साधारण दीड फुटावर ड्रॉपर लूप (लीडरच्या बाजूला निघणारा फासा) करून त्यावर एक टीझर लावा: ३/० ते ५/० मापाचा गळ, थोडे केस असलेला किंवा नुसताच, आणि त्यावर रबरी आमिष. जिग तळावर धूळ उडवत जातो आणि त्याच्या वर एक छोटा, बिनवजनाचा जीव तरंगत राहतो. मोठे फ्लूक कित्येकदा त्या वरच्यालाच लागतात. पाण्यात गवत वाहत असेल तर मात्र टीझर काढून टाका. बॅक बेमध्ये उन्हाळ्यात ईलग्रासचे झुपके इतके येतात की दर मिनिटाला ते सोडवत बसाल.

गळावर काय लावायचं? बर्कली कंपनीचं गल्प हे मऊ कृत्रिम आमिष बहुतेक सगळे वापरतात, आणि चार इंची स्विमिंग मलेटपासून सुरुवात करायला हरकत नाही. ते गळावर अगदी सरळ ओवलं पाहिजे. जरा वाकडं बसलं की गोल फिरतं, लीडर पिळतो आणि फिरत्या शेपटाला फ्लूक हात लावत नाही. ओवल्यावर बोटीच्या कडेनं पाण्यात ओढून बघा, फिरत असेल तर काढून पुन्हा ओवा. गल्प उन्हात सुकलं की दगड होतं. जेवायला थांबलात तर जिग पाण्याच्या बादलीत टाका, नाहीतर नंतर पक्कड घेऊन बसावं लागेल. ब्लूफिश आले की ते शेपट्या एकामागून एक साफ कापून नेतात. त्या दिवशी महागडी पाकिटं बाहेर काढू नका, स्क्विडची पट्टी लावा. पट्टी लांब आणि निमुळती हवी, चार-पाच इंच, वरचं टोक बोटभर रुंद, खालचं टोकदार. गळ रुंद टोकातून एकदाच, अगदी कडेला. दोनदा ओवली की पट्टीचा गोळा होतो आणि हालचाल मरते. जुने लोक फ्लूकच्याच पोटाची पांढरी पट्टी वापरतात आणि तिच्याइतकं टिकाऊ आमिष नाही, पण पाण्यावर असताना मासा कापण्याबद्दल प्रत्येक राज्याचे नियम कडक आहेत. ते वाचल्याशिवाय सुरी काढू नका. सी रॉबिनच्या अंगाची पट्टीही छान चालते. तुमच्याकडे त्यांचा तोटा नाही.

हालचाल हा भाग शब्दांत सांगायला सगळ्यात अवघड. बोटीवर नवा माणूस ओळखू येतो तो हात डोक्यापर्यंत नेण्यावरून. जिग तीन फूट उडतो, धपकन पडतो, पुन्हा उडतो. तळाशी पडलेल्या माशाला ते फक्त दिसून नाहीसं होत राहतं. हालचाल मनगटातून हवी. रॉडचं टोक पाण्याच्या बाजूला, जवळजवळ आडवं. टोक चार-सहा इंच उचला, खाली येऊ द्या, पुन्हा उचला, मग एक थांबा. उचलणं चटकन, पण खाली येणं जिगच्या वेगानं. रॉडचं टोक जिगच्या मागोमाग खाली न्यायचं म्हणजे लाइन ढिली पडत नाही आणि ताठही राहत नाही, नुसती जिवंत राहते. हे जमलं की अर्धं काम झालं, कारण फ्लूक बहुतेक वेळा जिग खाली येतानाच घेतो. लाइन ढिली असेल तर तो घेऊन, चावून, थुंकूनही टाकतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

चावा कसा कळतो? स्ट्रायप्ड बाससारखा हिसका क्वचितच. कधी ‘टप्’ असा एक ठोका येतो. पण जास्त वेळा पुढचा झटका द्यायला जाता आणि टोक वर येतच नाही, खाली ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं. तेच ते. अशा वेळी विचार करत थांबू नका, रॉड ठाम उचला आणि रीळ फिरवायला लागा. आमिषाच्या रिगवर ‘थोडं खाऊ द्या, मग ओढा’ असं शिकवतात, कारण तिथे मासा लांब पट्टी हळूहळू तोंडात घेत असतो. बकटेलला तो नियम लावू नका. शिशाचं डोकं तोंडात आलं की त्याला फसवणूक लगेच कळते. ओढलंत आणि मासा लागला नाही तर रीळ करून वर काढायची घाई करू नका. तिथेच पुन्हा खाली सोडा, दोन हलके झटके द्या, थांबा. फ्लूक हट्टी असतो, सुटलेलं सावज पुन्हा धरायला येतो. कित्येकदा त्याच मिनिटात.

लागल्यावर पंपिंग नको, म्हणजे रॉड वर, मग खाली नेत रीळ, असं नको. रॉड खाली नेताना जो ढिलेपणा येतो त्यात गळ निसटतो. रॉड वाकलेला ठेवून एका लयीत रीळ फिरवा. मोठा मासा पृष्ठभागाजवळ आला की डोकं झटकायला लागतो आणि सुटतो तो बहुधा तिथेच. त्याचं डोकं पाण्याबाहेर येऊ देऊ नका. जाळी आधी पाण्यात स्थिर धरायची आणि मासा डोक्याकडून तिच्यावर ओढून आणायचा. जाळी घेऊन त्याच्यामागे धावणारा मित्र असेल तर त्याला सँडविचं वाटायला बसवा.

बोट कशी वाहतेय यावर यातलं निम्मं अवलंबून आहे. वारा आणि पाणी एकाच दिशेला असतील तर बोट पळते. पाण्यात ड्रिफ्ट सॉक (बोटीचा वेग मारणारी कापडी पिशवी) टाका किंवा इंजिन अधूनमधून उलट टाकून वेग मारा. एक नॉटच्या (ताशी एक सागरी मैलाच्या) आसपास मला बरं वाटतं. वारा पाण्याविरुद्ध असेल तर बोट जागच्या जागी घुटमळते, जिग नव्या माशांसमोरून जातच नाही आणि तुम्ही एकाच चौरसात तासभर. तेव्हा लांब फेकून ओढत आणा, किंवा इंजिनवर हळूहळू पुढे सरका. वाहत्या बोटीत एक युक्ती लक्षात ठेवा: जिग मागे सोडण्याऐवजी बोट ज्या दिशेला वाहतेय तिकडे थोडा पुढे फेका. बोट त्याच्यावर येईपर्यंत लाइन उभी होते, आणि तो सगळा वेळ हलका जिगही तळावर नीट काम करतो. बोट पुढे गेली, लाइन मागे आडवी व्हायला लागली, की काढून पुन्हा पुढे फेका. मेहनत जास्त आहे, पण शेजारच्या बोटीवर सारखी जाळी बुडवणारा माणूस कदाचित हेच करत होता. एकदा मासा लागला की जीपीएसवर खूण करा आणि त्याच रेषेवरून पुन्हा वाहत या. फ्लूक सपाट वाळवंटात विखुरलेले नसतात, ते कडेला असतात: चॅनेलचा उतार, वाळूच्या दांड्याची पाठ, छोट्या ओढ्याचं तोंड जिथून ओहोटीत किली आणि कोळंबी वाहत बाहेर येतात.

हंगामानुसार जागा बदलते. हिवाळा फ्लूक खोल समुद्रात, खंडीय मंचाच्या कडेकडे काढतो आणि वसंतात आत येतो. मे महिन्यात बॅक बेचं उथळ पाणी आधी तापतं, म्हणून बार्नेगॅट बे, ग्रेट बे, रॅरिटन बे अशा ठिकाणी तेव्हा छान चालतं. दुपारनंतरच्या ओहोटीत तापलेलं पाणी चॅनेलमध्ये उतरतं, ती वेळ मी सोडत नाही. पाणी थंड असताना हालचाल अगदी मंद ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये खाडी कोमट होते आणि मोठे मासे इनलेटकडे आणि बाहेर सरकतात: बार्नेगॅट इनलेट, मॅनस्क्वान इनलेट, आणि राज्यानं बांधलेल्या कृत्रिम रीफ. तुम्ही खाडीतच राहिलात तर पिल्लांशीच गाठ पडणार, आणि तुमच्या तक्रारीचा अर्धा भाग इथेच आहे. रीफवर जिग अडकून तुटतात, तिथे साधे, कमी केसांचे, स्वस्त जिग न्या. बोट नसेल त्या दिवशी आयलंड बीच स्टेट पार्कच्या किनाऱ्यावर जा. तिथे सगळे जीव खाऊन लांब फेकतात आणि फ्लूक मात्र लाटांच्या पहिल्या खळग्यात, पायांपासून थोड्याच अंतरावर असतो. पाऊण औंसाचं बकटेल किनाऱ्याला तिरकं फेका, हळू उड्या मारत आणा आणि अगदी वाळूला लागेपर्यंत आणा.

सी रॉबिनच सी रॉबिन लागत असतील तर रंग बदलून काही होत नाही. जागा बदला, थोडं खोल किंवा कडेला जा, किंवा ट्रेलर पाच-सहा इंचांचा लावा. लहान तोंडं त्यानं कमी होतात. पूर्ण थांबत नाहीत.

तर रंग. पांढरा. पाणी निवळ आणि ऊन असेल तर पांढराच. पाणी गढूळ किंवा हिरवट असेल तर शार्ट्रूझ, तो पोपटी-पिवळा. आजूबाजूला स्क्विड असेल तर गुलाबी. जिग एका रंगाचा आणि टीझर दुसऱ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचा ठेवला की दिवसभरात मासे कोणता निवडतायत ते आपोआप कळतं. मग दुसराही तसा करून टाकायचा. तुमचे उरलेले रंग फेकू नका, रीफवर तुटायला कामी येतील.

नियमांबद्दल थोडं. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यात गळ टाकायला परवाना लागत नाही, पण सॉल्टवॉटर रजिस्ट्रीत दरवर्षी नोंद करावी लागते, ती मोफत आहे. डेलावेअरला गेलात तर परवाना लागतो. किमान लांबी, रोजची संख्या आणि हंगामाच्या तारखा राज्याराज्यांत वेगळ्या आणि बहुधा दरवर्षी बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री राज्याच्या संकेतस्थळावर बघाच. मित्रानं गेल्या वर्षी सांगितलेला आकडा धरू नका. मोजपट्टी बोटीत हवी. मोठे फ्लूक बहुतेक माद्या असतात, हेही मनात असू द्या. लहान मासा सोडताना ओल्या हातानं धरा आणि गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता लीडर कापा. मत्स्य व्यवस्थापनाच्या हिशेबात हौशी लोकांनी सोडलेल्या फ्लूकपैकी १० टक्के मरतात असं धरलेलं आहे, आणि तो हिशेब पुढच्या वर्षीच्या मर्यादेत आपल्याच वाट्याला येतो. बकटेलचा एक फायदा इथेही आहे: झटका लगेच दिल्यामुळे गळ बहुधा ओठाच्या कडेलाच लागतो. आणि वाढलेल्या फ्लूकला वाताशय (पोटातली हवेची पिशवी) नसतं, त्यामुळे ७० फुटांवरून वर आणला तरी सी बाससारखा फुगून वर तरंगत राहत नाही. नीट सोडलात तर सरळ खाली जातो.

घरी आल्यावर जिगवरचं गल्प काढून टाका, सगळे जिग गोड्या पाण्यात बुडवून धुवा आणि डब्यात घालण्याआधी कापडावर रात्रभर उघडे वाळवा. ओले ठेवलेत तर गळ गंजतात, त्या गंजानं पांढरे केस तांबूस होतात, आणि गल्पचा रस सुकून केसांची अशी लगदी होते की पुढच्या वेळी ते फुलतच नाहीत. लगदी झालीच असेल तर कोमट पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण, मग जुन्या टूथब्रशनं डोक्याकडून टोकाकडे विंचरायचं.